नव्या संगणक-समूहाची पडताळणी

(कनेरगाव नाका, जिल्हा हिंगोली येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्या गावी आज आपण जमलो आहोत, त्याच्या नावातच 'नाका' आहे. पैनगंगेच्या काठचा हा मुलूख एके काळी दोन राज्यांच्या सीमेवर होता. एका अंगाला निजामाचे हैदराबाद संस्थान, दुसऱ्या अंगाला इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड. अशा सीमेवर निजामाच्या करोडगिरी खात्याचे नाके असत आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. पुढे ते खाते इतिहासजमा झाले, आणि त्याविषयी कोणाला जिव्हाळा उरला असेल असे नाही. परंतु कोणत्याही नाकेदाराची एक सवय घेण्यासारखी असते. पावतीवर 'सरकी' लिहिले आहे म्हणून पोत्यात सरकीच आहे असे तो धरून चालत नाही. तो पोत्यात हात घालून पाहतो.

आजच्या विषयाला हीच सवय लागते. विषयाचे नाव थोडे अवजड आहे: नव्याने उभारलेला संगणक-समूह खरोखर चालतो की नाही, हे कसे पडताळावे. हा विषय मुंबई-पुण्याच्या अभियंत्यांचा, आपला नव्हे, असे आपणांपैकी अनेकांना वाटत असेल. मला तसे वाटत नाही. सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विद्यार्थ्यांची नोंदणी ही सर्व कामे आता संगणकावर होतात. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. असे असता, मजुरी बुडवून सेवा केंद्रावर आलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगितले जाते, तेव्हा त्याचा दिवस बुडतो आणि भाडेही दुहेरी पडते. ती यंत्रणा ताब्यात घेताना कोणीतरी 'यंत्रणा सुस्थितीत चालू आहे' अशा कागदावर सही केलेली असते. सही करणारा बहुधा अभियंता नसतो, आपल्यासारखाच एखादा अधिकारी असतो. सहीपूर्वी त्याने काय पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पूर्वी एक काम म्हणजे एक मोठा संगणक अशी रीत होती. तो बिघडला की काम थांबे. आता कामाचे लहान लहान भाग करून प्रत्येक भाग, त्याला लागणाऱ्या साऱ्या सामग्रीसह, एका बंद पेटीत ठेवतात. तिला कंटेनर म्हणतात. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरातील लोखंडी कंटेनर आपण चित्रात तरी पाहिले असतील. आत कांदा असो की यंत्राचे सुटे भाग, पेटीचे माप ठरलेले असल्याने एकच यारी ती उचलते. संगणकातील पेटीचेही तसेच आहे. ती कोणत्याही यंत्रावर उचलून ठेवता येते. २०१३ साली आलेल्या 'डॉकर' या साधनाने ही पद्धत सर्वत्र रूढ केली.

पेट्या शेकड्यांनी झाल्या की कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावी, एखादी बंद पडल्यास काय करावे, हे माणसाला सांभाळणे अशक्य होते. त्यासाठी एक मुकादम लागतो. 'क्युबरनेटीस' हा तो मुकादम. गूगल कंपनीने तो जून २०१४ मध्ये जाहीर केला, जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि तेव्हापासून तो एका सामायिक प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली सर्वांना विनामूल्य खुला आहे. हा शब्द ग्रीक भाषेतला. अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोकणकिनाऱ्याच्या बोलीत तांडेल. याच मुळापासून इंग्रजीत राज्यपालाला वापरला जाणारा 'गव्हर्नर' हा शब्द आला. तेव्हा शासनाशी या विषयाचे नाते निदान व्युत्पत्तीपुरते तरी जुने आहे.

त्याची काम करण्याची तऱ्हा शिक्षकांना चटकन समजेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एक पट असतो: अमुक शाळेत दोन शिक्षक असलेच पाहिजेत. एक रजेवर गेला तर दुसऱ्या शाळेतून कोणाला तरी तेथे पाठवतात. क्युबरनेटीसला आपण असाच पट लिहून देतो: 'दाखल्याच्या कामाच्या तीन प्रती सदैव चालू असाव्यात.' तो अखंड दोन गोष्टींची तुलना करीत राहतो, पटावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय आहे. तफावत दिसली की ती भरून काढतो. फरक एवढाच की त्याला बदलीची शिफारस घेऊन कोणी भेटावयास येत नाही.

या टेबलावर तळहाताएवढे तीन संगणक मी मांडले आहेत. तिघे मिळून एक समूह आहे. पडद्यावर जे पान दिसते, त्यावर 'कनेरगाव नाका' ही अक्षरे आहेत आणि त्याखाली, उत्तर कोणत्या यंत्राने दिले त्याचा क्रमांक आहे. तो क्रमांक बदलताना आपणांस दिसेल. बोलण्यात पुढे यांचा उपयोग होईल.

आता पडताळणीकडे वळू. पुरवठादार प्रथम एक आज्ञा देऊन दाखवतो. तिचे नाव 'क्यूबसीटीएल गेट नोड्स'. पडद्यावर समूहातील प्रत्येक यंत्राचे नाव येते आणि समोर 'रेडी', म्हणजे सज्ज, असा शेरा. हे पाहून पुष्कळ वेळा टाळ्या पडतात आणि कागद पुढे सरकवला जातो. येथे थांबू नये. या शेऱ्याचा अर्थ मर्यादित आहे. प्रत्येक यंत्रावर एक कारकून बसवलेला असतो. तो साधारण दर दहा सेकंदांनी मुख्यालयाला 'मी हजर आहे, माझी प्रकृती ठीक आहे' असे कळवतो. 'रेडी' ही ती हजेरी. हजेरीपटावर सही आहे म्हणून वर्गात शिकवणे चालू आहे असे आपण मानत नाही.

दुसरी पायरी, समूहाच्या स्वतःच्या कामकाजाच्या पेट्या पाहण्याची. या पेट्यांत नावावरून पत्ता शोधून देणारी एक असते, यंत्रायंत्रांमधील रस्ते बांधणाऱ्या काही असतात. रस्ते बांधणारी सोय बसवलीच नसेल तर पत्ता शोधणारी पेटी 'पेंडिंग', म्हणजे प्रलंबित, या शेऱ्यावर खोळंबून राहते. हा नव्या समूहातला नेहमीचा दोष आणि तो लगेच दिसतो. न दिसणारा दोष शेजारच्या रकान्यात असतो. एखाद्या पेटीसमोर 'रनिंग' असा निर्मळ शेरा असतो आणि 'रीस्टार्ट्स' या रकान्यात ४० हा आकडा असतो. म्हणजे ती पेटी चाळीस वेळा पडून चाळीस वेळा उठली आहे आणि आपण पाहिले त्या क्षणी उभी होती. शेरा वाचावा, पण तो रकाना आधी वाचावा.

तिसरी पायरी मी अनुभवातून सांगतो, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. एका कार्यालयात तीन यंत्रांचा समूह बसवला गेला. सर्व यंत्रे सज्ज, सर्व पेट्या चालू, चाचणीचे पान उघडून दाखवले गेले. ताबा घेणाऱ्यांत मीही होतो आणि माझीही सही त्या कागदावर आहे. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी आल्या: पान कधी उघडते, कधी फिरत राहते. दोनतीन वेळा प्रयत्न केले की उघडते. ग्रामीण भागात 'दोनतीन वेळा प्रयत्न करा' हा सल्ला इतका अंगवळणी पडला आहे की आठवडाभर कोणी तो दोष मानलाच नाही. वीज, पाऊस, मोबाइल मनोरा, सर्वांवर संशय घेऊन झाला.

शेवटी कोणीतरी मोजणी केली. साधारण तीनपैकी एक विनंती यशस्वी होत होती. यंत्रेही तीन. तेवढ्यावरून गाठ सुटली. विनंती ज्या यंत्रावर येई, त्याच यंत्रावरील पेटीकडे ती गेली तर उत्तर मिळे. दुसऱ्या यंत्रावरील पेटीकडे गेली तर मध्येच हरवे. यंत्रांच्या मधल्या संरक्षक भिंतीत हजेरीचे दार उघडे ठेवले होते, म्हणून सर्व 'सज्ज' दिसत होते. परंतु पेट्यांची आपसातील वाहतूक ज्या ८४७२ क्रमांकाच्या दाराने जाते ते दार बंद होते. आम्ही पाहिलेल्या चाचणीत विचारणारा आणि उत्तर देणारा योगायोगाने एकाच यंत्रावर होते. त्या चाचणीत खोटे काही नव्हते, पण तिने फार थोडे पाहिले होते.

पंचायत सदस्यांना हे नळयोजनेवरून उमगेल. उद्घाटनाच्या दिवशी टाकीजवळच्या पहिल्या नळाला पाणी येतेच. योजना चालते की नाही हे वस्तीच्या शेवटच्या घराचा नळ सांगतो. म्हणून प्रत्येक यंत्रावर एक चाचणी-पेटी ठेवावी आणि प्रत्येकीने इतर प्रत्येकीला हाक मारावी. तीन यंत्रे असतील तर अशा सहा हाका होतात, पाच असतील तर वीस. 'अ' कडून 'ब' ला जाते म्हणून 'ब' कडून 'अ' ला येईल असे धरू नये. आणखी एक बारकावा: लहान हाक मारून भागत नाही, मोठा निरोपही पाठवून पाहावा. पेटीचा निरोप दुसऱ्या यंत्राकडे जाताना त्यावर एक जादा पाकीट चढते, त्याचे वजन सुमारे ५० बाइट. रस्त्याची मर्यादा १५०० बाइटची असेल आणि हे पाकीट हिशेबात धरलेले नसेल, तर लहान चिठ्ठ्या सुरळीत जातात आणि मोठा दाखला अडकून पडतो. असा दोष शोधताना जाणकारही दिवस घालवतात.

येथवरच्या चाचण्या यंत्रणा धड असताना ती काय करते हे पाहण्याच्या झाल्या. परंतु हा सारा खटाटोप यंत्रणा मोडल्यावरही काम चालावे यासाठी आहे. तेव्हा ती मुद्दाम मोडून पाहिल्याशिवाय पडताळणी झाली असे म्हणता येणार नाही.

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. औंढा नागनाथ परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारली जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून प्रकाश धावेल आणि दूरच्या अंतराळातील प्रचंड घडामोडींनी अवकाशात उठणारे तरंग टिपले जातील. याच जातीच्या अमेरिकेतील यंत्रांवर १६ सप्टेंबर २०१० रोजी एक जोरदार संकेत उमटला. तो आकाशातील बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा वाटला, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला गमतीने 'मोठा कुत्रा' म्हटले. सहा महिने तपासणी झाली, गणिते झाली, शोधनिबंधही लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये सर्व मंडळी एकत्र जमली आणि एक लिफाफा उघडण्यात आला. त्यातून कळले की तो संकेत खोटा होता. मोजक्या माणसांनी, इतर शेकडो सहकाऱ्यांना न सांगता, तो यंत्रात घातला होता. आपली यंत्रे आणि आपली माणसे खरा संकेत आल्यास तो पकडतील काय, हे पाहण्याची ही योजना सर्वांनी आधीच मान्य केली होती. केव्हा होईल ते मात्र गुप्त होते.

त्या सहा महिन्यांचे श्रम वाया गेले असे कोणाला वाटेल. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला खरा तरंग आला तेव्हा विधिवत निरीक्षणसत्र अजून सुरूही व्हायचे होते, यंत्रांची पूर्वतयारीच चालू होती. पहिला प्रश्न साहजिकच हा उठला की हाही लिफाफ्यातला तर नव्हे? तसे काही नाही याची खातरजमा करण्यात आली, आणि ज्या लोकांनी एकदा रंगीत तालीम केलेली होती त्यांनी पुढचे काम पार पाडले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो शोध जगाला जाहीर झाला.

पुण्याच्या आयुका संस्थेत लायगोच्या माहितीचे विश्लेषण करण्यासाठी जो संगणक-समूह आहे, त्याचे नाव 'सारथी'. ग्रीकांचा तांडेल आणि आपला सारथी! तो समूह दीर्घ गणिते रांगेने करण्यासाठी आहे, दाखले देण्यासाठी नव्हे, त्यामुळे त्याची जात निराळी. परंतु पडताळणीचे प्रश्न सख्ख्या भावंडांचे आहेत.

आपण आपल्या समूहाला काय मोडून पाहावे? सर्वांत सोपे म्हणजे एक पेटी पुसून टाकणे. पाहा, मी आता एक प्रत पुसली. पटावर दोन प्रती लिहिल्या आहेत, एकच उरली. आणि ही दुसरी नवी उभी राहिली, आठदहा सेकंदही लागले नाहीत. त्यानंतर एखादे यंत्र रीतसर रिकामे करून पाहावे, दुरुस्तीसाठी करतात तसे. आणि शेवटी, रीत न पाळता, यंत्राची वीज तोडावी. या शेवटच्या चाचणीला पुरवठादार बहुधा नाखूश असतात. 'साहेब, उगाच कशाला?' असे म्हणतात. जो असे म्हणतो त्याच्याच समूहाची ती चाचणी आधी करावी, असे माझे मत आहे.

वीज तोडल्यावर सर्व काही क्षणात सावरेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. यंत्राची हजेरी थांबली तरी मुख्यालय लगेच त्याला गैरहजर ठरवत नाही. मूळ मांडणीत सुमारे ४० सेकंद, नव्या आवृत्त्यांत ५० सेकंद, वाट पाहिली जाते. त्यानंतरही त्या यंत्रावरील पेट्या दुसरीकडे नव्याने उभारण्यापूर्वी आणखी ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, थांबण्याचा नियम आहे. हे आकडे बदलता येतात, पण माहीत नसतील तर तिसऱ्या मिनिटाला घाबरून कोणीतरी भलतीच कळ दाबतो आणि सावरू पाहणारी यंत्रणा खरोखर मोडतो. म्हणून ज्या कामाचा खंड लोकांना सोसणार नाही, त्याच्या किमान दोन प्रती, आणि त्याही वेगवेगळ्या यंत्रांवर असाव्यात. दोन्ही प्रती एकाच यंत्रावर बसल्या असतील तर त्या असून नसल्यासारख्या. त्या कोठे बसल्या आहेत ते स्वतः विचारून घ्यावे.

आता गणपूर्तीचा प्रश्न. पंचायत सदस्यांना हा शब्द समजावण्याची गरज नाही. समूहाचे दप्तर 'इटीसीडी' नावाच्या भागात असते आणि त्याच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात. कोणतीही नवी नोंद बहुमताशिवाय होत नाही. तीन सदस्यांत बहुमत दोनांचे, तेव्हा एक यंत्र गेले तरी चालते. पाचांत दोन गेली तरी चालते. चारांत बहुमत तिघांचे, म्हणजे तेथेही एकच जाऊ शकते. चौथ्याचा खर्च व्यर्थ. आणि दोनांत बहुमत दोघांचेच, म्हणजे कोणतेही एक गेले की सभा तहकूब. 'एक होते, आता खात्रीसाठी दोन केली' असे अभिमानाने सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी खात्री वाढवली नाही, कमी केली. सभा तहकूब झाली तरी आधीपासून चालू असलेल्या पेट्या चालत राहतात. त्यामुळे दप्तर बंद असल्याचे वरून कळत नाही, नवा बदल करावयास गेल्यावरच कळते.

याच ओघात दोन लहान गोष्टी. यंत्रे तीन, पण तिघांना वीज देणारी बॅटरी एकच आणि तारांची पेटीही एकच, अशी मांडणी सर्रास दिसते. तसेच यंत्रे तीन, पण बाहेरून आत येण्याचा पत्ता एकाच यंत्राचा. ते यंत्र गेले की उरलेली दोन आत सुखरूप आणि लोक दाराबाहेर.

दप्तराची नक्कल आणि ती परत बसवणे, हा भाग अतिशय दुर्लक्षित राहतो. 'रोज रात्री नक्कल निघते' असे सांगितले की आपण समाधान मानतो. 'रेडिट' या अमेरिकेतील मोठ्या संकेतस्थळाची १४ मार्च २०२३ ची हकिगत त्यांनी स्वतःच प्रांजळपणे प्रसिद्ध केली आहे. क्युबरनेटीसची आवृत्ती १.२३ वरून १.२४ वर नेताना त्यांचा एक समूह कोसळला आणि संकेतस्थळ ३१४ मिनिटे बंद राहिले. कारण क्षुल्लक होते. जुन्या आवृत्तीत मुख्य यंत्रांवर 'मास्टर' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. नव्या आवृत्तीने ती काढून टाकली. रस्ते दाखवणारी व्यवस्था याच चिठ्ठीवरून आपले मार्गदर्शक ओळखत होती. चिठ्ठी गेल्याबरोबर मार्गदर्शक सापडेनासे झाले आणि सारे रस्ते पुसले गेले. कारण शोधता येईना, म्हणून नक्कल परत बसवण्याचे ठरले. तेव्हा लक्षात आले की परत बसवण्याची लेखी पद्धत जुन्या आवृत्तीसाठी, जुन्या साधनांसाठी लिहिलेली होती. ती दुरुस्त करीत करीत काम पुरे करावे लागले. पगारी तज्ज्ञांची फौज असलेल्या ठिकाणची ही गोष्ट. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी नक्कल कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावर परत बसवून पाहिली, हे विचारण्यात म्हणूनच संकोच नसावा. बसवून पाहिली नसेल तर सही पुढे ढकलावी.

भाराविषयी थोडक्यात. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविन संकेतस्थळावर लसनोंदणी खुली झाली. सुरुवातीला ते अडखळले, मग सावरले आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली. भार येतो तो असा, एका ठरलेल्या मिनिटाला. आपल्याकडे निकालाचा दिवस, पीक विम्याचा अंतिम दिनांक, प्रवेशाचा मोसम हे तसे दिवस होत. दुपारच्या निवांत वेळी घेतलेली चाचणी त्या दिवसाविषयी काही सांगत नाही.

एक दोष असा आहे की तो पडताळणीच्या दिवशी दिसूच शकत नाही. समूहातील यंत्रे परस्परांना ओळखपत्रे दाखवून बोलतात. 'क्यूबअ‍ॅडम' या प्रचलित साधनाने समूह उभारल्यास ही ओळखपत्रे एक वर्षाची असतात. आवृत्ती वेळोवेळी वाढवत गेल्यास ती आपोआप नवी होतात. 'चालते आहे, हात लावू नका' असे धोरण ठेवल्यास वर्षाच्या दिवशी मुदत संपते आणि मुख्यालय कोणाचीच ओळख पटवून घेईनासे होते. काहीही बिघडलेले नसते, फक्त तारीख उलटलेली असते. तो दिनांक ताबा घेण्याच्या कागदावरच लिहून घ्यावा, आणि कार्यालयातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही.

हे सारे तपासावे कोणी? या गावावरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग आपण मीटरमापी पाहिला आहे आणि त्याचा रुंदमापी झालेलाही पाहिला आहे. नवा किंवा बदललेला मार्ग प्रवाशांना खुला करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांना तो तपासावा लागतो. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत असतात. ज्याने रूळ टाकले त्यानेच 'रूळ उत्तम आहेत' असे लिहून देऊ नये, हा त्यातला विचार. आपल्या समूहाबाबतही उभारणारा आणि तपासणारा यांत निदान खाते वेगळे असावे. बाजारात एक तयार अनुरूपता-चाचणी मिळते. ती लावली की समूह क्युबरनेटीसच्या नियमांप्रमाणे वागतो हे कळते. ती अवश्य लावावी. पण आपली बॅटरी एकच आहे, हे तिला कळत नाही.

सार्वजनिक बांधकामातील मोजमाप पुस्तिका आपणांस परिचित आहे. तिच्यात नोंद नसेल तर देयक निघत नाही. समूहासाठी अशीच एक वही असावी: दिनांक, वेळ, कोणते यंत्र बंद केले, कोणी केले, पान किती सेकंद अडखळले, पूर्ववत केव्हा झाले. 'समाधानकारक' हा शब्द त्या वहीत वापरू नये, आकडा लिहावा. वर्षभराने तीच चाचणी पुन्हा केली की दोन आकडे शेजारी येतील.

आता बोलणे पुरे. हे तीन संगणक, ही त्यांच्या विजेच्या तीन तारा. दोन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर आहेत आणि बाहेरचा पत्ता तिघांचा सामायिक ठेवला आहे. श्रोत्यांपैकी कोणीही पुढे यावे आणि मला न विचारता कोणतीही एक तार काढावी. पहिले पाऊण मिनिट पान अधूनमधून अडेल, त्यानंतर उरलेल्या यंत्रांचे क्रमांक दिसू लागतील. ज्या यंत्रावर पेटी होती तेच गेले, तर नवी पेटी उभी राहण्यास पाचसहा मिनिटे लागतील. तेवढ्यात चहा घेता येईल. एकाने घड्याळ लावावे आणि एकाने फळ्यावर वेळ लिहावी. या गुरुजी, आपणच या.